तुझं ताट

प्रिय बाळा,

सलाम.

परवा फोनवर म्हणालास, प्रभुभोजनाच्या रविवारी, चर्चमध्ये प्रभूच्या नावाने भाकर आणि प्याला वाटायच्या आधीच, तू मागच्या बाकावरून उठून बाहेर जातोस. "लेंटच्या उपासाच्या दिवसांत प्रभूला दिलेला शब्द मोडला, आई. मी त्या लायकीचा नाही." तेव्हा मला काही बोलता आलं नाही. रात्रभर मात्र एकच गोष्ट डोळ्यांपुढे येत राहिली.

तू आठ वर्षांचा होतास. दुसऱ्या दिवशी संडे स्कूलची परीक्षा होती. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली आठवी-नववी वचनं पाठ झाल्याशिवाय वाढणार नाही, असं मी बजावलं होतं. "कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे" हे तू घडाघडा म्हणायचास आणि पुढे 'आढ्यता' या शब्दापाशी दर वेळी अडखळायचास. ओट्यावर मेथीची भाजी आणि भाकरी निवत होती. तारण हे दान आहे, आपल्या कर्मांची मजुरी नव्हे, असं सांगणारं ते वचन. आणि ते येईना म्हणून मी तुझं ताट अडवून बसले होते! शेवटी तुझी आजी उठली, ताट तुझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "अगं, आधी खाऊ दे लेकराला. वचन काय पळून चाललंय व्हय?"

आजीला दोन ओळी धड वाचता येत नव्हत्या. कृपा तिला कळली होती, मला नाही. देवाच्या घरीही आधी पाठ आणि मग ताट, हे तू माझ्याकडूनच शिकलास. त्याची मी तुझ्याकडे क्षमा मागते.

प्रभुभोजनाची भाकर 'अयोग्य प्रकारे' खाण्याबद्दल प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रात लिहिलंय, ते वाचून तू घाबरलायस, हे मला माहीत आहे. पण तो अध्याय जरा आधीच्या वचनांपासून वाच. त्या मंडळीत खाऊनपिऊन सुखी असलेले आपलं जेवण आधीच उरकायचे आणि गरीब उपाशी राहायचे. पौल रागावला तो त्यांच्यावर. एकमेकांसाठी थांबा, म्हणाला. उपाशी माणूस मेजापाशी आला म्हणून तो कुणावर रागावलेला नाही. आणि प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी म्हटल्यावर लगेच पुढे काय आहे? मग भाकर खावी, प्याल्यातून प्यावं. उठून बाहेर जावं, असं तिथे कुठेही नाही.

बाबांना हे फारसं पटत नाही. कृपा कृपा म्हटलं की पोरं सैल सुटतात, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा पंडिता रमाबाई आठवतात. तीर्थयात्रा, उपासतापास सगळं लहानपणापासून करून झालेली बाई. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे स्वतःच लिहून ठेवलं, की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला आणखी आठ वर्षं गेली. मग त्या सैल सुटल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या, दौंडजवळच्या केडगावला त्यांचं घर उभं केलं, आणि थकलेल्या वयातही मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणत राहिल्या. पोट भरलेलं माणूस असं काम करतं. ताट मिळेल का, या धास्तीत असलेल्याच्या हातून ते होत नाही.

म्हणून पहाटेची प्रार्थना सोड, कमाईतला दशमांश देवाला देणं सोड, असं मी म्हणत नाही. मीही सोडणार नाही. मोडलेला शब्द प्रभूला सांग, रडायचं असेल तर रड. पण बाकावरून उठू नकोस.

येत्या पहिल्या रविवारी आपल्या चर्चमध्ये प्रभुभोजन आहे. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने निघालास तर बाबा माळीवाड्याला घ्यायला येतील. कितीला पोचतोस ते कळव, म्हणजे भाकरी तू आल्यावरच टाकीन.

तुझी,
आई