गांडुळांनी बीओडी उतरतो, कार्बामाझेपिन नाही

संपादक महोदय,

छोट्या रुग्णालयांच्या सांडपाण्यासाठी गांडुळांची गाळणी, म्हणजे गांडुळे सोडलेल्या थरांतून पाणी झिरपवणारा वाफा, सुचवली जाते. सूचना चांगलीच आहे: हवा फुंकणारा ब्लोअर नको, वीज कमी, वासही नाही. पण बीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप, उतरला की औषधांचे अंशही गेले, असे धरले जाते, तिथे घोळ आहे.

पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन जिवाणू सहज पचवतात. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक बरेचसे गाळाला चिकटून बसते, म्हणजे पाण्यातून जाते, पण थरात साठते. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा भरवसा नाही: कधी जाते, कधी नाही. फिट्सवरचे कार्बामाझेपिन मात्र जवळपास जसेच्या तसे बाहेर पडते. म्हणून गाळणीनंतर, असे अंश धरून ठेवणाऱ्या दाणेदार ॲक्टिव्हेटेड कार्बनचा टप्पा हवाच. तो खर्च वाचवायचा असेल, तर औषधे काढतो असा दावा तरी करू नये.

रोजच्या दहा हजार लिटरला, चौरस मीटरमागे 500 लिटर धरून, 20 चौरस मीटर जागा लागते. तळाशी 20 ते 40 मिमी खडी, वर बारीक खडी, मग जाड वाळू, जाळी, आणि सर्वांत वर 30 सेंमी लाकडाचा भुसा व गांडूळखत. या वरच्या थरात घनमीटरला सुमारे दहा हजार, म्हणजे एकूण साठ हजार आयसेनिया फेटिडा, ही गांडूळखतातली लाल गांडुळे, सोडावीत. शेतातली खोल बिळे करणारी गांडुळे इथे निरुपयोगी. आधी तेल-चरबीचा सापळा आणि गाळ बसवणारी टाकी हवी. पाणी थोडे थोडे, मध्ये थांबून सोडावे आणि प्रवाह काही आठवड्यांत हळूहळू वाढवावा.

गांडुळे मरतात ती बहुधा हायपोक्लोराइटमुळे, म्हणजे क्लोरीनच्या जंतुनाशकामुळे. वॉर्ड पुसल्याचे आणि लाँड्रीचे पाणी वेगळ्या टाकीत घेऊन, सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन पूर्ण उतरवल्यावरच थरावर सोडावे. सेप्टिक टाकीचा जास्तीचा अमोनिया आणि 35 अंशांवरचे तापमानही घातक; विदर्भात छप्पर नसेल तर उन्हाळा निभणार नाही. पाणी वर साचू लागले आणि गांडुळे भिंतीवर चढू लागली, तर थर तुंबलाय, आत हवा जात नाही. म्हणून वाफे दोन हवेत: एकाला विश्रांती देऊन वरचा भाग उकरता येतो.

वापरलेला थर खत म्हणून शेतकऱ्याला मुळीच देऊ नये, त्यात प्रतिजैविके असतात. तो थर आणि संपलेला कार्बन जाळण्यासाठीच पाठवावा. तपासणीला आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचे चोवीस तासांचे मिश्र नमुने घेऊन त्यांत कार्बामाझेपिन मोजायला सांगावे.

— सांडपाणी प्रक्रिया अभियंते, पुणे