गाईच्या आधी कडबा : दुग्धव्यवसाय विकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. दुग्धव्यवसाय विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात 19 जिल्हे घेतल्याची बातमी वाचून नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात बसल्या बसल्या मला आनंद झाला, कारण माझे गाव धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात आहे आणि धाकटा भाऊ तिथे अजून जनावरे सांभाळून आहे. या प्रकल्पात अनुदानावर दुधाळ जनावरे देण्याबरोबर चारापिके, मुरघास (हवाबंद आंबवून टिकवलेला हिरवा चारा) आणि कडबाकुट्टी यंत्रे यांचीही तरतूद आहे. माझे म्हणणे एवढेच, की यांचा क्रम उलटा लावावा : चारा आधी, गाय नंतर.

भावाने काही वर्षांपूर्वी एका योजनेतून दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) या जास्त दूध देणाऱ्या विदेशी जातीच्या गाई घेतल्या. पावसाळा-हिवाळा बरा गेला. उन्हाळ्यात अशा एकेका गाईला दिवसाला 70-80 लिटर पाणी लागते आणि गावात तर माणसांनाच टँकरची वाट पाहावी लागत होती. हिरवा चारा संपला, कडबा विकत घेणे परवडेना, आणि नेमक्या त्या दिवसांत दुधाचा एसएनएफ (दुधातले स्निग्धांश सोडून उरणारे घन पदार्थ) उतरला. 8.5 टक्क्यांच्या खाली गेलेल्या प्रत्येक पॉइंटला (0.1 टक्क्याला) दरात कपात होते. म्हणजे दुष्काळाचा दंडही ज्याच्या दावणीला चारा नाही त्यानेच भरायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात एक गाय बाजारात गेली. कागदावर तो अजूनही लाभार्थीच आहे.

पूर्वी आमच्याकडे रब्बी ज्वारीने घराला भाकरी आणि दावणीला कडबा दिला. मग सोयाबीन आले. त्यात पैसा लवकर हाती येतो आणि ज्वारी काढायला मजूर मिळत नाहीत, तेव्हा शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? मात्र सोयाबीनचे भुसकट कडब्याची जागा घेऊ शकत नाही. (गंमत अशी, की आमच्या सोसायटीत आता डॉक्टरांच्या सल्ल्याने ज्वारीची भाकरी खाल्ली जाते.) रब्बी ज्वारीच्या काढणीला यंत्र आणि मजुरीसाठी साहाय्य मिळाले, आणि मक्याच्या मुरघासाचा साठा गावपातळीवर सुगीतच करून ठेवला, तर दुष्काळातल्या चारा छावण्यांवरचा बराच खर्च टळेल. जनावरे देतानाही देवणी वा लाल कंधारी गाय किंवा मराठवाडी म्हैस मागणाऱ्याला त्या मिळाव्यात. दूध कमी असले तरी ही जनावरे तिथल्या उन्हात टिकतात.

दुसरी गोष्ट खव्याची. भूम परिसरात घरोघरी खव्याच्या भट्ट्या आहेत आणि कुंथलगिरीचा पेढा आपणांस ठाऊक असेलच. जिथे बल्क कूलर (दूध थंड ठेवणारी मोठी टाकी) नाही आणि टँकर वेळेवर येत नाही, तिथे दूध नासण्याआधी आटवून टाकणे हा आमच्या लोकांनी शोधलेला शहाणपणाचा उपाय आहे. साधारण 5 लिटर दुधाचा एक किलो खवा होतो आणि तो दूरच्या बाजारात पाठवता येतो. तरीही 2024 मध्ये शासनाने लिटरमागे आधी 5 आणि नंतर 7 रुपये अनुदान दिले, ते सहकारी संघांना आणि खाजगी प्रकल्पांना घातलेल्या गाईच्या दुधापुरतेच होते. भट्टीवर गेलेले दूध त्या हिशेबात बसले नाही. भट्टी लाकडावर चालते, आणि आधीच उजाड झालेल्या माळरानावर सरपण कुठून आणायचे हा बायकांचा रोजचा प्रश्न आहे. भट्टीधारकांची नोंदणी करून कमी इंधनाच्या भट्ट्या द्याव्यात आणि खव्यासाठी तालुक्याला एक शीतगृह उभारावे, म्हणजे सणासुदीच्या आधी खवा साठवता येईल आणि मागणी मंदावल्यावर तो पडत्या भावात विकावा लागणार नाही.

येत्या रब्बीच्या पेरणीपूर्वी प्रकल्पातल्या प्रत्येक तालुक्याचा चाऱ्याचा आणि उन्हाळी पाण्याचा ताळेबंद जाहीर करावा, आणि ज्या गावात तो जुळत नाही तिथले जनावरांचे वाटप तो जुळेपर्यंत थांबवावे, अशी विनंती आहे. भावाचे नावही अशा थांबलेल्या यादीत आले, तर माझी तक्रार नसेल.

आपला नम्र,
भूम तालुक्यातला एक कोपरखैरणेकर