नवा स्टार्टर घेऊ नको

चि. पूर्वा, अनेक आशीर्वाद.

बेटा, भंगारातल्या मारुती ओम्नीचं इंजिन लावून तुम्ही बनवलेली गाडी किल्लीनं चालू होत नाही, म्हणून तू नवा स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, घ्यायला निघालीस. पैसे दिले नसतील तर थांब. तुझा स्टार्टर चांगला आहे, बॅटरीही चांगली आहे. दुकानदारानं गाडी न पाहताच स्टार्टर गेला म्हणून सांगितलं. माझ्याकडे मोटर भरायला आणणारेही मोटर जळाली म्हणूनच येतात, आणि कितीदा तरी पंपाच्या पेटीतली फेज सैल निघते.

काल वावरातून आल्यावर मीटर घेऊन कोठ्यात बसलो. गाडी न्यूट्रल केली, इंजिन चालू होऊ नये म्हणून ठिणगी देणाऱ्या कॉईलची वायर काढली आणि आईला किल्ली फिरवायला बसवलं. बॅटरीवर अकरा व्होल्ट टिकत होते. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली, दुसरी इंजिनच्या हेडवर. किल्ली फिरताच चार व्होल्टच्या वर! तिथं अर्धा व्होल्टही दिसायला नको. तेवढ्यात आई म्हणाली, काहीतरी जळतंय. अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावला तर चटका बसला, वरचं प्लास्टिक मऊ पडलेलं. स्टार्टरचा करंट परत जायला वाट शोधत होता आणि त्याला ती बारीक तार सापडली होती.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, रबरातून करंट जात नाही. म्हणून ओम्नीत इंजिनपासून बॉडीपर्यंत अर्थिंगची, म्हणजे करंट बॅटरीकडे परत न्यायची, वेगळी पट्टी असते. भंगारातून इंजिन काढताना ती तिकडंच राहिली. त्यात तुमची पाइपची चौकट रंगवलेली आणि बॉडी फायबरची. पत्र्याच्या गाडीत दिवा कुठंही कसला तरी अर्थ मिळतो. फायबरमध्ये प्रत्येक दिव्याला, हॉर्नला परतीची वायर ओढावीच लागते. इंडिकेटर लावला की तुझा हेडलाइट मंद होतो, तेही याच घरचं दुखणं.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंत जंपर केबल लावली, तर स्टार्टर गरगर फिरला. लगेच काढून ठेवली. पक्कं काम तूच कर, गाडी तुझी आहे. वेल्डिंगच्या जुन्या जाड केबलचे तुकडे टोकांना थिंबल (बोल्टात बसणारी कडी) दाबून तयार ठेवले आहेत: एक बॅटरी ते चौकट, एक चौकट ते इंजिन. बोल्ट बसेल तिथला रंग कानशीनं घासून लोखंड उघडं कर, दातेरी वायसर टाक, कसल्यावर वरून ग्रीस लाव. अ‍ॅक्सिलरेटरची ती केबल मात्र बदलायचीच. आतून चिकटली आणि पाय काढल्यावरही इंजिन ओढतच राहिलं, तर काय करशील?

दिवाळीत धक्का देऊन चालू केली तेव्हा गरम झाल्यावर बंद पडली होती आणि थंड झाल्यावर पुन्हा लागली होती, ते दुखणं वेगळं असू शकतं. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या अगदी जवळून नेली आहे. आपल्या इकडच्या उन्हात तिच्यात पेट्रोलची वाफ धरते. पुन्हा बंद पडली तर आधी फिल्टर बघ. बुडबुडे दिसले तर नळी दूर घे, भरलेला दिसला तर कॉईलकडे वळ. दोन्हीला एकदम हात लावू नको, नाहीतर कशानं बरी झाली ते कधीच कळणार नाही.

ब्रेकचं पेडल अजून स्पंजासारखं दबतं, म्हणजे नळ्यांत हवा आहे. ती काढताना मास्टर सिलेंडरपासून (पेडल दाबलं की तेल ढकलतो तो) सगळ्यात दूरचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. घरातला ब्रेक ऑइलचा डबा पावसाळ्यापासून उघडा आहे आणि ते तेल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून येताना डॉट ३ चा सीलबंद डबा आण. पेडल दगडासारखं लागेपर्यंत गाडी कोठ्याबाहेर निघणार नाही. त्यानंतरही फक्त आपल्या वावरात, तुरीच्या मोकळ्या पट्टीत. नोंदणी नसलेली गाडी डांबरी रस्त्यावर न्यायची नाही, मैत्रिणींनी कितीही म्हटलं तरी.

शनिवारी कोणत्या एसटीनं येतेस ते कळव, फाट्यावर घ्यायला येतो.

तुझा,
बाबा