पानांचा हिशेब आधी, पाटी नंतर

मा. संपादक,

तुळशीचं लग्न लागलं की सोलापुरात केटरिंगच्या नव्या पाट्या झळकू लागतात. धंदा वाढवायच्या घाईत एकाच मुहूर्ताला तीन कार्ये घेतली जातात, मुख्य आचारी मात्र एकच. मग तिसऱ्या मांडवात पंगत ताटकळते. जेवढे मुख्य आचारी, तेवढीच कार्ये घ्यावीत.

भांडण बहुधा पानांवरून होतं. ५०० पानं ठरली तर ताटं मोजून मांडावीत, शेवटची पंगत उठल्यावर उरलेली यजमानांसमोर मोजावीत आणि वहीत तिथल्या तिथे सही घ्यावी. एवढ्या पानांना साधारण ४० ते ४५ किलो तांदूळ पुरतो. जादा १० किलो कोरडाच ठेवावा, लागला तरच धुवावा.

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो. सकाळीच घुसळलेला मठ्ठा दुपारच्या पंगतीला आंबतो. दही गार ठेवून अर्धा तास आधी घुसळावं. बर्फ खाण्याचाच हवा, मासळी झाकायचा नव्हे!

पैसे ठरवताना चौथाई, पंधरा दिवस आधी निम्मे, उरलेले हळदीच्या आदल्या दिवशी घ्यावेत. जीएसटी दरात धरलाय की वेगळा, हे कोटेशनवरच लिहावं. वरातीनंतर तो विषय काढला की सोयरीकसुद्धा कडू होते.

– एक वाचक, सोलापूर