मोटरसायकल सुटते, व्हीलचेअर अडकते

मा. संपादक,

सायकलवाले आणि पायी चालणारे यांच्यासाठी एकत्र जो ट्रॅक करतात, त्याच्या तोंडाशी ठोकलेल्या अडथळ्यांबद्दल लिहितेय. मोटरसायकली घुसू नयेत म्हणून ते लावतात, हेतूबद्दल तक्रार नाही. पण दोन रेलिंग झिगझॅग लावून मधे जी चिंचोळी फट ठेवतात ना, त्यातून मोटरसायकलवाला पाय टेकत, हँडल वळवत आरामात निघून जातो आणि व्हीलचेअर, जुळ्यांची बाबागाडी, मागे ट्रेलर लावलेली सायकल हे सगळे बाहेर! कारण साधंय, मोटरसायकलचं हँडल आणि व्हीलचेअर यांच्या रुंदीत फारसा फरकच नाही, मग एकीला अडवून दुसरीला सोडणारी फट आणणार कुठून? हाताने चालवायची तीनचाकी तर लांबीलाही जास्त, ती त्या वळणात फिरतच नाही, आणि ती चालवणाऱ्याला "जरा उतरून ढकला" म्हणायची सोयच नाही.

मधोमध एकच खांब ही दुसरी तऱ्हा. एकट्याने जाताना तो दिसतो, पण चार-पाच जण मागोमाग चाललेले असले की पुढच्याच्या पाठीआड लपतो, पुढचा ऐनवेळी बाजूला होतो आणि मागचा थेट खांबावर. त्यात रंग काळा नाहीतर राखाडी, रिफ्लेक्टर असलाच तर अर्धा सोललेला. नेदरलँड्समध्ये अशा खांबाच्या अलीकडे जमिनीवर खडबडीत पांढरा पट्टा आखतात, चाक त्यावर गेलं की हादरा बसून माणूस सावध होतो. एवढ्या पट्ट्याला असा किती खर्च येणार?

ब्रिटनच्या २०२० च्या सरकारी सायकल मार्गदर्शिकेत २.८ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद सायकल धरून डिझाईन करा, खांबांमधे दीड मीटर जागा ठेवा असं सांगितलंय. दीड मीटरमधून मोटरसायकल जाणार हे उघड आहे, पण ती आत्ताही जातेच आहे की! कार थांबली तेवढं बास, मोटरसायकलवाल्याला दंड करून धरा, त्याच्यापायी बाकीच्यांची वाट कशाला अडवायची.

माझी मागणी एवढीच, काम झालं की जागेवर एक व्हीलचेअर आणि एक ट्रेलरवाली सायकल आणा, दोन्ही न अडकता पार झाल्या तरच ठेकेदाराचं बिल पास करा.

– एक वाचक