आधी बरणीचा धडा

जिनिव्हा

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तू तिथे नेमकं मोजतेस काय?" मी घाईत काहीतरी सांगून फोन ठेवला. ते मनाला लागून राहिलं.

इथे सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचं कडं आहे. त्यात वर्षातले काही आठवडेच शिशाची अणुकेंद्रकं समोरासमोर आदळवतात. म्हणूनच दिवाळीला येणं जमलं नाही. एका केंद्रकात ८२ प्रोटॉन, १२६ न्यूट्रॉन. दोन केंद्रकं बरोबर समोरून धडकली की हे प्रोटॉन-न्यूट्रॉन विरघळतात आणि त्यांच्या आतल्या क्वार्क-ग्लुऑन या आणखी बारीक कणांचा एक तापलेला द्रव बनतो. विश्व जन्मल्यावर पहिले काही मायक्रोसेकंद सगळीकडे हाच द्रव होता!

तो थेंब क्षणात विरतो, बाहेरून काही घालून तपासायला सवडच नाही. पण त्याच टकरीत कधी दोन क्वार्क जोरात आपटून विरुद्ध दिशांना सुटतात आणि प्रत्येकातून कणांचा एक झोत निघतो. त्याला आम्ही जेट म्हणतो. ज्याला द्रवातून लांब जावं लागतं, तो वाटेत ऊर्जा गमावतो. ब्यॉर्कन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८२ मध्येच हे सुचवलं होतं. २०१० च्या नोव्हेंबरात इथे शिशाच्या पहिल्या टकरी झाल्या, तेव्हा अ‍ॅटलास प्रयोगात एका बाजूला भरगच्च जेट आणि समोर जवळजवळ रिकामं, अशी चित्रं दिसली. ती मी आजही उघडून बघते.

किती ऊर्जा गेली, हे मी मोजते. अडचण अशी की अशा एका टकरीतून वीसेक हजार विद्युतभारित कण बाहेर पडतात आणि जेट त्या गर्दीत मिसळलेला असतो.

बाबा, दुकानात गिऱ्हाईक तेलाला बरणी घेऊन आलं की तुम्ही आधी बरणीचा धडा करायचात, म्हणजे रिकाम्या बरणीचं वजन जुळवून घ्यायचात, मगच तेल ओतायचात. मी तेच करते. जेट सोडून उरलेल्या जागेत सरासरी किती ऊर्जा पसरलीय ते काढायचं, जेटच्या क्षेत्रफळाने गुणायचं आणि वजा करायचं. फक्त माझ्या बरणीचं वजन दर टकरीला वेगळं, आणि एकाच टकरीतही जागोजागी कमी-जास्त. त्यामुळे लहान जेट खरा की नुसती गर्दी, हे ठरवताना जीव टांगणीला लागतो. माझं अख्खं वर्ष त्यातच गेलं.

कधीकधी मात्र क्वार्कच्या समोर फोटॉन निघतो. प्रकाशाचा कण तो, द्रवातून तसाच पार होतो. त्यामुळे क्वार्क मुळात केवढ्या ऊर्जेने निघाला, ते कळतं. तुमची शिक्का मारलेली वजनं असायची ना, तसा भरवशाचा. असे प्रसंग थोडे, पण एकेक जपून ठेवावासा वाटतो.

आई, तू डबाभर लाडू पाठवलेस, एकही फुटला नाही. गुडघ्याला तेल लावतेस ना?

सोमवारपासून माझी रात्रपाळी आहे. सकाळी सातला सुटेन, तेव्हा तुमच्याकडे साडेअकरा झालेले असतील. मंगळवारी तेव्हाच फोन करते. बाबांना जवळ बसव, त्यांना अजून विचारायचं असेल.

तुमची लेक