मा. वनमंत्र्यांना खुले पत्र : माझा तंबू ओला आहे

मा. वनमंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

हे पत्र डावा पाय स्टुलावर ठेवून लिहिते आहे. गुडघ्याला पट्टा आहे, तो आणखी चार आठवडे निघायचा नाही. मी 62 वर्षांची निवृत्त परिचारिका. 31 वर्षं डोंगरातल्या आरोग्य केंद्रांत काढली, त्यामुळे गुडघ्याचं काय झालंय हे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच मला वाटेवर कळलं होतं.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थोडक्यात सांगते. सप्टेंबरच्या शेवटी मी आणि माझी धाकटी जाऊ घाटमाथ्यावरच्या एका अभयारण्यात दोन रात्रींच्या मुक्कामाला गेलो. जागेचं नाव मुद्दाम घालत नाही. घातलं तर कारवाई नाक्यावरच्या रोजंदारीच्या पोरावर होईल, आणि त्याने बिचाऱ्याने आम्हाला चहा पाजला होता. परवानगी रीतसर होती. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972, कलम 28. हे कलम मला तोंडपाठ आहे, कारण अर्ज तीनदा परत आला. 41 दिवसांनी सही-शिक्क्याचा कागद हातात पडला. माणसं दोन, तंबू एक, रात्री दोन, शेकोटी नाही.

आम्ही तंबू कुठे लावला तेही ऐका, कारण त्यावरच सगळं आहे. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, लावला नाही. पावसाळ्याअखेरीस सड्याच्या वीतभर मातीत जी फुलं येतात, त्यांच्यावर एक रात्र झोपलं तरी त्या वर्षीचं बी गेलं. कारवीतही शिरलो नाही. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारं झुडूप मोडून बिछाना करायचा, एवढी झोप मला महाग नाही. हिरडा-जांभळाच्या रानाच्या कडेला गुरं बसून बसून टणक झालेली एक जागा आहे, गवतही उगवत नाही तिथे. पाण्याच्या टाक्यापासून सत्तर पावलं मोजून लांब. खुंट्या घुसेनात म्हणून दोऱ्या आमच्याच पिशव्यांना बांधल्या. दगड उचलले नाहीत, त्यांच्याखाली विंचवांचे संसार असतात. जेवण म्हणजे घरच्या भाकऱ्या, ठेचा आणि स्टोव्हवरचा चहा. बाकीच्या विधीसाठी वीतभर खड्डा, वर माती. हे सगळं आमच्या ह्यांनी शिकवलं. ते जाऊन सहा वर्षं झाली. तंबू त्यांचाच.

रात्री साडेदहाला तीन बॅटऱ्या आल्या. "मुक्काम बंद आहे, वरून आदेश आलाय." मी कागद दाखवला. तर म्हणे हा कागद त्या ऑफिसचा, आम्ही ह्या ऑफिसचे. मी म्हटलं, बाबांनो, जंगल तर एकच आहे. त्यावर त्यांच्यातला एक हसला, तेवढाच काय तो माणूसपणा. आदेश मागितला तर तो मोबाईलवर होता आणि मोबाईलला रेंज नव्हती. सकाळी उतरतो म्हटलं, तेही चालेना. पाऊस चालू, वाट शेवाळलेली, बिबट्याच्या रानात माणसाला रात्री चालवायचं, आणि कारण काय? तर आमची सुरक्षितता!

साडेतीन तास उतरलो. दुसऱ्या टप्प्यावर पाय सटकला आणि गुडघ्यात काहीतरी कडकन वाजलं. पुढचं मी बसून, घसटत उतरले. ज्या बाईने शंभरेक बायकांना डोलीतून दवाखान्यात आणवलं, तिला न्यायला डोली नव्हती. जाऊबाई रडत होती, मी तिलाच धीर देत होते. दवाखान्याचं बिल 38,400. खाली नाक्यावर 500 रुपये घेतले आणि पावती दिली ती प्रवेश शुल्काची. म्हणजे बाहेर काढायचे पैसे घेतले आणि आत सोडल्याची पावती दिली. तंबू जप्त, पंचनामा नाही. असे कारकून माझ्या हाताखाली असते तर औषधाच्या नोंदवहीत रुग्ण दाखल व्हायच्या आधीच मेला असता.

आता आम्ही वर होतो तिथल्या कड्यावरून खाली काय दिसत होतं ते सांगते. धरणाच्या काठाला तंबूंच्या ओळी, वर रंगीत दिवे. मी 140 पर्यंत मोजले, मग धुकं आलं. गाण्याचा दणका आम्हाला वर ऐकू येत होता. माणशी दीड हजार, बार्बेक्यूसकट. एका तंबूत तिघं धरले तर रात्रीचे 6 लाख 30 हजार. हिशेब बोटांवरचा आहे, चुकला असेल तर अर्ध्यावर आणा, तरी माझ्या पेन्शनीला भोवळ येईल. तिथे बॅटरी घेऊन कोणी गेलं नाही. मालकीची जमीन आहे म्हणे. आवाज आणि उजेड मात्र अभयारण्याच्या हद्दीला विचारून थांबत असणार. मे-जूनमध्ये काजव्यांच्या दिवसांत गाड्यांचे दिवे झाडांवर मारत फिरणारी गर्दी तुम्हीही पाहिली असेल. काजव्याला जोडीदार शोधायला अंधार लागतो, आणि आपण त्याच्यासमोर हेडलाइट धरून टाळ्या वाजवतो.

बंदीला माझा सरसकट विरोध नाही. 2018 मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे हिमालयातल्या उंच कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला. आली-बेदिनीच्या कुरणांची अवस्था बघता काहीतरी करणं भागच होतं. पण तिथेही घाण केली हंगामभर तंबूंच्या वसाहती ठोकणाऱ्यांनी, आणि दार बंद झालं ते एकट्या-दुकट्यालाही. आपल्याकडे कोयनेच्या रानातल्या वासोटा किल्ल्याला बोटीने जायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं. तो व्याघ्र प्रकल्पाचा गाभा आहे, नियम आधी सांगतात, मी मुकाट पाळते. नियम आधी सांगा, एवढंच तर म्हणते आहे.

माझी भाची अमेरिकेत कोलोरॅडोत असते. तिथल्या राष्ट्रीय वनांत ठरलेल्या तळांच्या बाहेरही बहुतेक ठिकाणी तंबू ठोकता येतो. शुल्क नाही, सोयी नाहीत. एका जागी साधारण 14 दिवस, पाण्यापासून दोनशे फूट दूर, वणव्याचा हंगाम असेल तर आग बंद. अशी वनं त्यांच्याकडे पावणेआठ कोटी हेक्टरांच्या पुढे. आपल्याकडे शनिवारी कळसूबाईच्या शिड्यांना रांग लागते, तेव्हा तो कारभार इथे जसाच्या तसा चालणार नाही हे मलाही कळतं. पाचशे माणसं पाचशे ठिकाणी पांगली तर पाचशे जागा तुडवल्या जातील. म्हणून रात्रीला दहा तंबू द्या, पाच द्या, गुरांच्या तळांसारख्या मळलेल्या जागा नेमून द्या, पाड्यावरच्या पोरांना देखरेखीचा मोबदला द्या. दोन वर्षांपूर्वी एका बैठकीत तुमच्याच खात्याच्या साहेबांनी हेच कबूल केलं होतं. "पुढच्या हंगामात ऑनलाइन परवाने." मी पहिल्या रांगेत होते, वहीत तारीख लिहिली आहे. हंगाम दोन गेले. साहेबांची बदली झाली. बदली झाली की शब्दही बदलीच्या ठिकाणी जातो का हो?

तुमच्या खात्याचा पाया अजून 1927 चा भारतीय वन कायदा आहे. इंग्रजांना लाकूड हवं होतं, त्यामुळे रानात दिसेल तो माणूस चोर. इंग्रज गेले, नजर राहिली. 31 वर्षांत मी पाड्यावरच्या बायकांना सरपणाच्या मोळीसाठी नाक्यावर हात जोडताना पाहिलंय. 2006 ला वनहक्क कायदा आला, तरी दाव्यांचे कागद घेऊन त्याच बायका माझ्याकडे यायच्या, कारण वाचून दाखवायला दुसरं कोणी नव्हतं. पश्चिम घाटाला 2012 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. आपल्या कास, कोयना, चांदोली, राधानगरीचा त्यात समावेश, हार-तुरे झाले. हा घाट कसा जपायचा हे सांगणारा गाडगीळ समितीचा अहवाल त्याच्या आदल्याच वर्षीचा. घाटातल्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मात्र मसुद्यावर मसुदे, 2024 पर्यंत सहा. डोंगर फोडून रस्ता काढायला, टेकडी कापून बंगले बांधायला कागद मिळतो. तो कागद त्या ऑफिसचा की ह्या ऑफिसचा, हे रात्री साडेदहाला कोणी विचारत नाही. विचारतात दोन म्हाताऱ्यांना, ज्यांच्या पिशवीत भाकरी आहे.

रागाच्या भरात 'आपण'चं 'तुम्ही' झालं, माफ करा. चौकशी लावाल की नाही, ते तुमच्यावर. बिलाचे पैसे मागत नाही. तंबू तेवढा मागते. नारिंगी रंगाचा, दोन माणसांचा, दाराची चेन एका बाजूने काळ्या दोऱ्याने शिवलेली. टाके त्यांच्या हाताचे आहेत. त्या रात्री तो भिजलेलाच गुंडाळून नेला. ओला तंबू बांधून ठेवला की आठवड्यात बुरशी धरतो, शिवणीतून कुजायला लागतो. परत द्यायला वेळ लागणार असेल तर लागू द्या, पण कोणाला तरी सांगून तो आधी उन्हात घालायला लावा.

आपली,
संगमनेरची एक निवृत्त परिचारिका